बायपासनंतर पाय सुजला: डी-डायमर पाठवायचं की थेट डॉप्लर?

प्रश्न
फेम-पॉप बायपासचा (मांडीतली बंद धमनी टाळून गुडघ्यामागच्या धमनीपर्यंत रक्ताला नवा मार्ग) पाचवा दिवस. ऑपरेशनचा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजलाय, दुखणं फारसं नाही. हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू आहे. डीव्हीटी (खोल शिरेतली रक्ताची गुठळी) की बायपासनंतरची नेहमीची सूज? वॉर्डात डी-डायमरचा (गुठळी विरघळताना वाढणारा घटक मोजणारी रक्तचाचणी) आग्रह चाललाय.

प्रतिसाद १
डी-डायमर नको. मोठ्या ऑपरेशननंतर ते तसंही वाढलेलंच असतं, पॉझिटिव्ह आल्याने काहीच ठरत नाही. सूजही फसवी: रक्तपुरवठा एकदम वाढलेला, जांघेतल्या लसिकावाहिन्या (ऊतींमधलं पाणी वाहून नेणाऱ्या) कापल्या गेलेल्या, वर सॅफिनस, म्हणजे पायातली वरवरची शीर, ग्राफ्टसाठी (नव्या मार्गाच्या नळीसाठी) काढली असेल तर विचारूच नका. टिबियल ट्युबरोसिटीखाली (गुडघ्याखालचा नडगीचा उंचवटा) १० सेंमीवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ३ सेंमीहून जास्त फरकाला वेल्स स्कोअरमध्ये (डीव्हीटीची शक्यता ठरवणारी गुणपद्धत) गुण आहे, पण या पायात त्यावर फार विसंबू नका. शंका आली की कॉम्प्रेशन डॉप्लर (शीर दाबून आणि रक्तप्रवाह पाहून केलेली सोनोग्राफी). पोटरी दगडासारखी, बोटं ताणली की असह्य कळ, असं असेल तर मात्र स्कॅनची वाट न पाहता सर्जनला बोलवा. तो कंपार्टमेंट सिंड्रोम (स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा अडणं) असू शकतो.

प्रतिसाद २
सोनोच्या बाजूने. लिनियर प्रोब (सोनोचा सपाट, सरळ प्रोब) आडवा धरून जांघेपासून खाली दर १-२ सेंमीवर शीर दाबायची. मोकळी शीर पूर्ण मिटते. ताजी गुठळी वाहत्या रक्तासारखी काळीच दिसते, त्यामुळे न दाबता ‘क्लिअर’ लिहिणं म्हणजे अंदाजपंचे. फेमोरल शीर कधी कधी दुहेरी असते. एक मिटली म्हणून थांबू नका. ग्राफ्टवर आणि टाक्यांवर जोर नको, तिथे कलर डॉप्लर (प्रवाह रंगात दाखवणारा) लावून पोटरी हलकेच दाबून प्रवाह बघा. नव्या पीटीएफई (कृत्रिम) ग्राफ्टच्या भिंतीत हवा असते, पहिले काही दिवस त्यामागचं दिसत नाही. बाजूने तिरका प्रोब लावा.

सर्वात जास्त राहून जातं ते इलियाक, म्हणजे जांघेच्या वरची ओटीपोटातली शीर. दोन्ही जांघांतला प्रवाह ताडून बघा: एकीकडे श्वासाबरोबर कमीजास्त होतोय आणि दुसरीकडे सपाट, सलग, तर अडथळा वर आहे, गुठळी किंवा हिमॅटोमाचा (साकळलेल्या रक्ताचा) दाब. मग क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) पाहून सीटी व्हेनोग्राफी (डाय देऊन शिरांचा सीटी).

प्रतिसाद ३
सुजलेल्या पोटरीतल्या शिरा अनेकदा धड दिसत नाहीत. निगेटिव्ह येऊनही संशय राहिला तर ५-७ दिवसांनी पुन्हा स्कॅन.

आणि प्लेटलेट काउंट बघितला का? हेपारिन सुरू केल्यापासून ५ ते १० दिवसांत तो निम्म्यावर आला आणि गुठळीही सापडली, तर एचआयटी (हेपारिनमुळेच प्लेटलेट घटून गुठळ्या होणं) धरून चाला: हेपारिन बंद, लाइनच्या फ्लशमधलंही (शिरेतली नळी धुण्यासाठीचं), आणि रक्त गोठू न देणारं पर्यायी अँटिकोअ‍ॅग्युलंट. अशा वेळी ग्राफ्टही बंद पडू शकतो.