लंडनचा गोल्डस्मिथ्स हॉल आतून बघता येतो का? (वडील सोनार आहेत)

तासगावची_लेक
नमस्कार मंडळी, ऑगस्टअखेरीस आई-बाबा महिनाभरासाठी माझ्याकडे लंडनला येतायत. बाबांनी चाळीस वर्षं सोनारकाम केलं, घरातच ओटीवर बसून, आता नजर कमी झाली म्हणून बागेसरी (सोनाराची शेगडी) आणि फुंकणी माळ्यावर गेली. टॉवर, राजवाडा वगैरे होईलच पण मला त्यांना असं काहीतरी दाखवायचंय जे त्यांच्या कामाचं आहे. सेंट पॉल्स स्टेशनपासून दोन मिनिटांवर फॉस्टर लेनमध्ये सोनारांच्या गिल्डची (जुन्या कारागीर-संघाची) इमारत आहे, मी रोज तिथूनच ऑफिसला जाते, दार कायम बंद. कोणी आत गेलंय का? बाबांना इंग्रजी फारसं कळत नाही आणि गुडघे दुखतात. जाण्यासारखं आहे का, की नुसती झुंबरं आणि गालिचे?

क्रॉयडनकर
दोनदा गेलोय. एरवी बंदच असतो कारण ती गिल्डची चालू वास्तू आहे, म्युझियम नाही. पण ओपन डे असतात, गाइडसोबत फिरवतात, तारखा त्यांच्या वेबसाइटवर येतात आणि तिकिटं पटापट संपतात त्यामुळे आजपासूनच लक्ष ठेवा. प्रदर्शनं लागतात तेव्हाही आत जाता येतं, आणि शरद ऋतूत गोल्डस्मिथ्स फेअर असतो, त्यात आजचे कारागीर स्वतः आपल्या टेबलामागे उभे असतात, त्यांच्याशी बोलता येतं. ते जमलं तर सोन्याहून पिवळं. गुडघ्यांचं आधीच ईमेल करून सांगा कारण मुख्य जिना मोठा आहे.

झुंबरं आहेतच, खोटं कशाला बोलू. आत शिरल्यावर रंगीबेरंगी संगमरवराचा जिना, कठड्यावर चार ऋतूंची चार लहान मुलं कोरलेली, वर लिव्हरी हॉल नावाच्या मोठ्या दालनात उंच खांब आणि सोन्याचा मुलामा. पण मला ग्रेट वाटलं ते वेगळंच. १३३९ पासून सोनार याच जागेवर आहेत! गिल्डला राजाची सनद १३२७ ची. १६६६ च्या आगीत दुसरा हॉल जळाला तो दुरुस्त केला, पुढे पाडून आत्ताचा तिसरा बांधला, फिलिप हार्डविकचा, १८३५ साली उघडला. १९४१ मध्ये त्यावर बॉम्ब पडला तोही भरून काढला. जागा काही सोडली नाही.

पेढीवरून
मी कोल्हापूरला पेढीवर बसतो, लंडन पाहिलेलं नाही, पण ताई, बाबांना एवढंच सांगा की 'हॉलमार्क' हा शब्द त्याच हॉलवरून आला. रोज पन्नास गिऱ्हाइकं विचारतात हॉलमार्क आहे का, त्यातला हॉल म्हणजे ही इमारत. १३०० साली तिथल्या राजाने कायदा केला की चांदी हजारात ९२५ कसाची हवी आणि त्यावर बिबट्याच्या तोंडाचा ठसा हवा, गिल्डचे प्रमुख दुकानोदुकानी फिरून तपासायचे. मग १४७८ पासून ते फिरणं बंद, सोनारांनीच माल हॉलवर आणायचा आणि तिथे ठसा मारून न्यायचा. आपल्याकडे २२ कॅरेटवर ९१६ असतं ते त्याच पद्धतीचं, हजारात ९१६ भाग सोनं. आपल्याकडे सोन्याला हे २००० साली सुरू झालं आणि २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं, आता तर प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरं-आकड्यांचा वेगळा नंबर. पहिल्यांदा आमच्यातल्या कितीतरी जुन्या कारागिरांना ते मनाला लागलं होतं, आमच्या शब्दावर विश्वास नाही का म्हणून, आणि मला त्यांचं दुःख समजतं. पण तिकडे ही तपासणी सातशे वर्षं सोनारांच्याच गिल्डच्या हातात राहिली, हे मला फार मोलाचं वाटतं.

तासगावची_लेक
हे मला माहीतच नव्हतं!! तो ठसा अजूनही तिथेच मारतात का?

क्रॉयडनकर
हो, लंडनचं अ‍ॅसे ऑफिस (म्हणजे कस तपासून ठसा मारणारं कार्यालय) त्याच इमारतीत आहे, आमच्या टूरमध्ये तो भाग नव्हता पण काम चालू असतं. आता एक्सरेच्या मशीनवरही तपासतात, तरी जुनी भट्टीची रीत आहेच. बाबांना समजावताना असं सांगा: सोन्याचा कण तोलून घ्यायचा, त्यात चांदी घालून शिशाच्या पत्र्यात गुंडाळायचा, भट्टीत ठेवला की शिसं बाकीचा हिणकस धातू घेऊन खालच्या छोट्या कपामध्ये मुरतं, मग चांदी तेजाबात काढायची आणि उरलेलं शुद्ध सोनं परत तोलायचं. त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.

एक करा, शनिवारी पोर्टोबेलोच्या बाजारातून जुना चांदीचा मोठा चमचा घ्या, ठसे नीट उठलेले बघून. काचेच्या कपाटातली भांडी लांबून बघण्यापेक्षा एक ठसा हातात असलेला बरा.

गावगाडा
अजून एक. त्या हॉलमध्ये दरवर्षी ट्रायल ऑफ द पिक्स होते, १८७१ पासून तिथेच. टांकसाळीतल्या नाण्यांतून नमुने काढून पेट्यांत ठेवतात आणि सोनारांचे पंच बसून ती मोजतात, तोलतात, कस बघतात, म्हणजे सरकारचं नाणं खरं की खोटं हे सोनार सांगणार. आता हे आपल्याकडे कोण करायचं? पोतदार! गावात शेतसाऱ्याची नाणी पारखून घ्यायचं काम त्याचं, आणि तो बहुतेक ठिकाणी सोनारच असायचा. लोकांना वाटतं सोनार म्हणजे फक्त दागिने. बाबांना हे नक्की सांगा, त्यांना ती इमारत परकी वाटणार नाही.

तासगावची_लेक
उशिरा लिहितेय, माफ करा. ओपन डेचं तिकीट मिळालं, जाऊन आलो. जिन्याचं ईमेल केलं होतं त्यामुळे सगळे थांबून थांबून चढले. मी कानात मराठी सांगत होते पण बाबांचं लक्ष गाइडकडे नव्हतंच, भांड्यांच्या कपाटाशी वाकून डाग (जोड) कुठे दिलाय ते शोधत होते आणि सापडला नाही तेव्हा आईकडे बघून म्हणाले, "हात आहे हं माणसाचा."

चमचा आधीच्या शनिवारी घेतला होता. रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाबांनी भिंग काढलं (ते येताना घेऊन आलेच होते) आणि मी फोनवरून वाचून सांगत गेले. चालणारा सिंह म्हणजे चांदी ९२५ ची. एक अक्षर म्हणजे साल. राजाचं तोंड म्हणजे कर भरला, हा शिक्का १७८४ ते १८९० मधला. बिबट्याशी आल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, याच्या डोक्यावर मुकुट आहे. मी वाचलं तर मुकुट १८२१ पर्यंतच असायचा! म्हणजे आत्ताची इमारत उभी राहायच्या आधी तो चमचा तिथे जाऊन आलेला. शेवटी कारागिराच्या नावाची दोन अक्षरं होती, बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि लगेच तासगावला फोन लावून दादाला माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढून ठेवायला सांगितलं. त्यात त्यांचा स्वतःचा ठसा आहे.