मोकळ्या जागेत रेन गार्डन : मनपाकडे पैसे कोणत्या वाटेने मागायचे?

मानेवाडा_लेआउट
नागपुरात आमच्या लेआउटमध्ये सिमेंट रोड झाल्यापासून रस्ता वर आणि घरं खाली. जोराचा पाऊस आला की साधारण ६०० चौरस मीटर रस्त्याचं पाणी खालच्या कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत तुंबतं, मग दोन घरांत शिरतं. तिथे रेन गार्डन, म्हणजे पावसाचं पाणी जिरवणारी खोलगट बाग, करायचं आहे. वर चार फूट काळी माती, खाली मुरूम. निधी कोणाकडे मागायचा? आणि काळ्या मातीत हे चालतं का?

झोन_फाइल
सर्वात आधी आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारा काढा. लेआउट नियमित करायला घेतलेल्या ५७२ किंवा १९०० लेआउटच्या यादीतलं असेल, तर मोकळी जागा नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास) आहे की मनपाकडे, हे लेखी घ्या. खासगी नावावरच्या जागेवर सरकारी पैसा खर्च करता येत नाही, फाइल तिथूनच परत येते.

जागा मनपाची निघाली की अर्ज हनुमाननगर झोनच्या सहायक आयुक्तांना, प्रत उद्यान विभागाला. विषय ‘सौंदर्यीकरण’ लिहिला तर कारंजं आणि गट्टू (पेव्हर ब्लॉक) मिळतील, म्हणून ‘पावसाळी पाण्याचा निचरा व भूजल पुनर्भरण’ असाच लिहा. पाणी साचल्याचे तारखेसह फोटो आणि पाणी कुठून कुठे वाहतं त्याचा हाताने काढलेला नकाशा जोडा. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. अर्ज दिवाळीच्या सुमारास गेला, तर पाहणी आणि अंदाजपत्रक बजेटच्या आधी होतं.

सरकारी कामांच्या दरसूचीत ‘रेन गार्डन’ नावाची बाब शोधत बसू नका. खोदकाम, गिट्टी, रेती, पाइप, जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), रोपं अशा बाबी वेगळ्या मांडा. जी बाब सूचीत नाही तिच्यासाठी तीन दरपत्रकं लागतात.

आमदार निधीचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो. त्यातून बांधकाम होतं, पण उन्हाळ्यात पाणी घालणाऱ्या माणसाचा पगार निघत नाही. म्हणून तीन वर्षांची देखभाल निविदेतच टाकायला सांगा. अशी कामं बिघडतात ती बहुधा इथेच.

गिट्टी_रेती
काळ्या मातीत चालतं, पण पाणी नुसतं जिरेल या भरवशावर नाही. आधी एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा रात्री भरून ठेवा, सकाळी पुन्हा भरा आणि पट्टीने मोजा. तासाला १२ मिमीपेक्षा कमी उतरलं तर खाली पाइप हवाच. तुमच्याकडे बहुतेक तेच होईल.

हिशोब असा. २५ मिमी पाऊस, ६०० चौरस मीटर रस्ता, त्यातलं ९० टक्के वाहून येतं, म्हणजे १३,५०० लिटर. बाग ५० चौरस मीटरची धरा. वर १५ सेंमी पाणी उभं राहील अशी खोली, खाली ४५ सेंमी रेती-खत-मातीचं मिश्रण, तळाला २५ सेंमी धुतलेली गिट्टी. पोकळ्या धरून सुमारे १७,००० लिटर मावतं. खोदकाम १५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), गिट्टी साडेचार ब्रास, रेती पावणेपाच ब्रास. मिश्रणात ६० टक्के रेती, २० टक्के कुजलेलं खत, २० टक्के पोयट्याची माती. खोदलेली काळी माती परत भरायची नाही, काम वाया जातं. रेतीऐवजी दगडाची चुरीही नको, ती सिमेंटसारखी बसते.

तळात चार ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खड्डे घेऊन गिट्टी भरा. ११० मिमीचा भोकं पाडलेला पाइप गिट्टीत, टोक पावसाळी नालीत. जेसीबी बागेच्या बाहेर उभा राहून खोदेल, तळावर चढला तर तळ दाबला जातो. घरांपासून तीन मीटर अंतर ठेवा, काळी माती फुगली की पाया हलतो.

मानेवाडा_लेआउट
आमची नाली दोनच फूट खोल आहे. मग पाइप कसा जोडायचा? आणि डासांचं काय?

गिट्टी_रेती
पाइप तळाशी न टाकता गिट्टीच्या वरच्या थरात टाका, मिश्रण ३५ सेंमीवर आणा. मग पाइप दोन फुटांच्या आतच बाहेर पडतो. खालचं पाणी मुरमात हळूहळू उतरेल. मिश्रण कमी झालं तरी १६,००० लिटर मावतं. डासाची अळी पूर्ण वाढायला साधारण आठवडा लागतो, तुमचं वरचं पाणी ४८ तासांत उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर वरचा पाच सेंमी गाळ खरवडून काढा. पाणी आत येतं तिथे दगडांचा पट्टा आणि गाळाचं चेंबर ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तोंड बुजतं.

वाळा_कर्दळ
मध्यभागी वाळा, काठावर अडुळसा. वाळा पाण्यात उभा राहतो आणि मे महिन्याचं ४५ अंशही सोसतो. कर्दळ उन्हाळ्यात पाणी मागते, म्हणून थोडीच लावा. खोदकाम एप्रिल-मेमध्ये, रोपं पहिल्या दोन-तीन पावसांनंतर.

झोन_फाइल
अजून एक. काम सुरू होण्याआधी नालीचं चेंबर कोरड्या दिवशी उघडून बघा. पाणी वाहताना दिसलं, तर कोणीतरी गडर लाइन (सांडपाण्याची) त्यात जोडली आहे. तो जोड तुटल्याशिवाय पाइप जोडू नका, नाली तुंबली की मैलापाणी उलट बागेत येईल. ही तक्रार वेगळ्या अर्जाने करा, एकाच फाइलमध्ये मिसळली तर दोन्ही लटकतात.