मदत हवी आहे: जर्मनीत कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्समध्ये पीएचडी करायचीय, पण नोकरीतलं काम दाखवता येत नाही

नमस्कार मंडळी,

मी मेकॅनिकलवाली, पुण्यातून एमटेक आणि आता हिंजवडीत एका कंपनीत सीएईला (कॉम्प्युटरवर डिझाइन तपासण्याचं काम) आहे, म्हणजे दिवसभर मेशिंग (भागाचे गणितासाठी बारीक तुकडे पाडणं), क्रॅश, ड्यूरेबिलिटी हेच. पीएचडी करायचीच हे नक्की आहे, आणि विषयही डोक्यात पक्का आहे: मटेरियलमध्ये भेग कशी पसरते याचं फेज-फील्ड पद्धतीने (भेग म्हणजे धारदार रेघ न मानता पुसट पट्टा मानून) मॉडेलिंग.

आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीचा कॉम्प्युटेशनल अँड डेटा सायन्सेस विभाग हे दोन्ही बघून ठेवलेत, तिथे फॉर्म, इंटरव्ह्यू, फेलोशिप (२०२३ पासून जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, महिना ३७ हजार) सगळं सरळ कळतं. गाडी अडलीय ती जर्मनीपाशी. आखेन, डार्मश्टाट, म्युनिक, या टेक्निकल युनिव्हर्सिट्यांमध्ये बरेचदा पीएचडी म्हणजे चक्क नोकरीच असते, प्रोफेसरच्या विभागाची जाहिरात येते, पगार बहुतेक ठिकाणी टीव्ही-एल ई १३ या सरकारी वेतनश्रेणीने, कुठे १०० टक्के (पूर्णवेळ) पोस्ट तर कुठे ७५, आणि निवड जवळपास त्या एका प्रोफेसरच्या हातात. म्हणजे सगळी मदार पहिल्या मेलवर आणि सोबत काय जोडलंय त्याच्यावर!

आणि जोडायला माझ्याकडे ऑफिसचं काहीच नाही. सगळे प्रोजेक्ट क्लायंटचे, एनडीए (गोपनीयतेचा करार) आहे, एक स्क्रीनशॉटसुद्धा बाहेर देता येत नाही. पेपरही नाही, एमटेकचा थीसिस तेवढा आहे.

म्हणून मी घरी रात्री बसून फेनिक्स (FEniCS) या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्वतः कोड लिहिलाय, तो नेहमीचा बेंचमार्क, एका बाजूने खाच असलेली चौकोनी प्लेट. ताण दिला की भेग सरळ जाते, त्यात काही विशेष नाही, पण शिअर (वरची कड आडवी सरकवणारा जोर) दिल्यावर खरी मजा आहे, ऊर्जेचे ताण आणि दाब असे दोन भाग वेगळे केले नाहीत तर भेगेला वर-खाली दोन फाटे फुटतात, कारण मॉडेलच्या लेखी दाबाखालचं मटेरियलही तुटतं. वेगळे केले की एकच भेग खाली वळते. दोन्ही रिझल्ट, मेश किती बारीक केला की उत्तर किती बदलतं त्याचे ग्राफ, सगळं गिटहबवर नीट टाकलंय.

आता जे तिथे आहेत किंवा करून आलेत त्यांना विचारते. एवढ्यावर प्रोफेसर मेल उघडून बघतात का, की पेपरशिवाय विचारच करत नाहीत? मेलमध्ये कोडची लिंक आधी द्यावी की त्यांच्या एखाद्या पेपरवर नेमका प्रश्न विचारून सुरुवात करावी? रेकमेंडेशन एक गाइडचं मिळेल, दुसरं मॅनेजरचं चालतं का?

डीएफजीच्या (जर्मनीतली संशोधनाला पैसा देणारी संस्था) पैशावर चालणारी ग्राड्युइर्टनकोलेग, म्हणजे पीएचडीवाल्यांचे गट, असतात, एकत्र दहा-बारा जण, कोर्सेस, दोन गाइड, मला ते एकट्या प्रोफेसरपेक्षा जास्त बरं वाटतंय, पण तिथे स्पर्धा कशी असते? आणि नोकरीवाल्या पीएचडीच्या व्हिसाला एपीएस (आपली डिग्री-कागदपत्रं तपासल्याचं सर्टिफिकेट) लागतं की नाही, यावर प्रत्येक जण वेगळं सांगतोय, अलीकडे स्वतः व्हिसा काढलेल्या कोणीतरी सांगा प्लीज.

एका जाहिरातीची मुदत या महिनाअखेरीस संपतेय आणि विषय अगदी माझाच आहे, त्यामुळे निदान मेलबद्दल तरी कोणी लवकर सांगितलं तर फार उपकार होतील. ड्राफ्ट तयार आहे, कोणी वाचणार असेल तर इथेच टाकते.