'हुडकणे' आलं कुठून?

कागलकर_पुण्यात
आमच्याकडे, म्हणजे कागल-गडहिंग्लज पट्ट्यात, किल्ली हरवली की ती हुडकतात. 'शोधणे' शाळेच्या पुस्तकापुरतं. परवा ऑफिसात बोलून गेलो, "थांबा, फाईल हुडकतो," तर शेजारचं टेबल खुदकन हसलं. म्हटलं, पेपरात 'पोलिसांनी आरोपीला हुडकून काढले' असं छापून येतं तेव्हा नाही हसू येत? तर म्हणे, ते वेगळं. काय वेगळं, ते काही सांगता येईना.
तर जाणकारांनो, हे क्रियापद मूळचं कुठलं? संस्कृतात धातू आहे का याचा? आणि 'शोधणे'पेक्षा अर्थ वेगळा आहे का? मला तरी वाटतो. आमची आज्जी चुकलेली म्हैस हुडकायची, पण पोथीतला अर्थ हुडकला असं तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

उन्हाळी_लाडू
हिंदीत 'हुडकना' आहे ना? लहान मूल आईवाचून झुरतं, ते. जो झुरतो तो शोधत फिरणारच! माझा अंदाज आपला.

निपाणीची_माई
लाडू, अंदाज गोड आहे पण गाडी उलट्या दिशेला गेली. हुडकण्यात झुरणं कुठेच नाही. शब्द कन्नड आहे, सरळ सरळ. 'हुडुकु' म्हणजे शोध. आमच्या घरात सासूबाई कानडी, मी मराठी. त्या विचारायच्या, "एन हुडकाकत्ती?" मी म्हणायची, "चष्मा हुडकायलोय." (हो, आमच्याकडे बायकाही 'हुडकायलोय'च म्हणतात. पुणेकरांनी सावकाश हसून घ्यावं.) दोघींच्या वाक्यात तेवढं एक क्रियापद सामाईक, आणि ते कुणी कुणाला शिकवलं नव्हतं.

कन्नडातून मराठीत आलेली नामं पुष्कळ. तूप घ्या, अण्णा घ्या, अक्का घ्या. नाम उचलणं सोपं असतं, वस्तूबरोबर नाव येतं. क्रियापद तसं येत नाही. त्याला आपले प्रत्यय लावून घ्यावे लागतात: हुडकला, हुडकंल, हुडकाय गेलाय. याचं बस्तान बसलं, कारण अडकणे, धडकणे, फडकणे ही मंडळी आधीपासून घरात होती. त्यांच्या पंगतीत हुडकणे बसलं तर ओळखणार कोण?

अर्थाचं म्हणाल तर तुमच्या आज्जींचं बरोबर. आमच्या बोलीत हुडकणं हे हाताचं न् पायाचं काम. ट्रंकेतले कपडे उपसून हुडकायचं, पोरीला स्थळ हुडकायचं म्हणजे चार गावं पालथी घालायची. 'शोधणे' मुळात संस्कृत 'शुध्'वरून, म्हणजे शुद्ध करणे, निवडून साफ करणे. म्हणून ते शोधनिबंधाला शोभतं. आणि जोडीही बघा: शोधलेलं सापडतं, हुडकलेलं घावतं. "हुडकून हुडकून दमलो, घावंना." यात 'सापडेना' घालून बघा, दम निघून जातो.

विद्यार्थी_नेहमीचा
माई, एक भर घालतो. सांगलीजवळच्या कुपवाडवर गम्पर्झ आणि विल्सन यांचा 1971चा लेख भाषाशास्त्रात फार गाजला. तिथे मराठी, कन्नड, उर्दू आणि थोडी तेलुगू शेजारी शेजारी. त्यांना दिसलं ते असं की मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना एकमेकींसारखी होत गेली, शब्द मात्र बरेचसे आपापले राहिले. त्या हिशेबाने हुडकणे जरा आगाऊच म्हणायचं, ते कुंपण ओलांडून आलं.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे धुंडतात बाप्पा. "धुंडून पाह्य ना!" संस्कृताची हौसच असेल तर तिकडे बघा. काशीखंडात गणपतीच्या धुंडिराज नावाची फोड 'ढुंढि' म्हणजे शोधणे या धातूवरून दिली आहे. दादासाहेब फाळक्यांचं नाव धुंडिराजच.

कागलकर_पुण्यात
सगळ्यांचे आभार. पण माई, टेबलाचा प्रश्न राहिलाच की. 'हुडकून काढणे' चालतं आणि नुसतं 'हुडकणे' हसण्यावारी जातं, असं का?

निपाणीची_माई
माझं मत सांगते. 'शोधून काढणे' म्हटलं तर डोकं चालवल्यासारखं वाटतं. फरारी माणसाला बिळातून ओढून आणायचं तर ते मऊ पडतं. पेपरवाल्यांना तिथे खरबरीत शब्द हवा होता, तेवढ्यापुरता त्यांनी आमचा नेला. बाकीचा आमच्याकडेच ठेवला, गावठी म्हणून.

आणि हा गावठीपणा शब्दाच्या अंगचा नाही. कन्नड विकिपीडिया उघडा, मराठीत जिथे 'शोधा' लिहिलेलं असतं तिथे त्यांच्याकडे 'हुडुकु' आहे. तिकडे तो प्रमाण शब्द, शाळेत, कचेरीत, छापील पुस्तकात, सगळीकडे. 1956 साली राज्यं नव्याने आखली तेव्हा बेळगाव, धारवाड, विजापूर मुंबई राज्यातून म्हैसूरकडे गेले, निपाणीही गेली. तेव्हापासून आमच्या दुकानाच्या दारात हाच शब्द एका गिऱ्हाइकाच्या तोंडी शुद्ध आणि दुसऱ्याच्या तोंडी अशुद्ध. दोघं तंबाखूची पुडी एकाच फळीवर हुडकतात.

तुम्ही ऑफिसात फाईल हुडकाच. कुणी हसलं तर तूप कुठून आलं ते विचारा.

उन्हाळी_लाडू
माई, आता 'घावणे'पण सांगा.

निपाणीची_माई
त्याला वेगळा धागा काढ बाळा. माझा कुकर झालाय.