मळणी यंत्राच्या रोलर चेनचे माप कसे घ्यावे?

प्रश्न (पेडणे):
आमच्या भाताच्या मळणी यंत्राची चेन झिजली असून तिच्या पट्ट्यांवरचा क्रमांक गंजामुळे वाचता येत नाही. दोन पिनांमधले अंतर सुमारे १२.९ मिलिमीटर भरते, परंतु म्हापशाच्या दुकानात १२.७ मिलिमीटर पिचच्याच (म्हणजे दोन पिनांमधल्या अंतराच्या) दोन वेगळ्या चेन दाखवल्या. कोणती घ्यावी?

उत्तर (फोंडा):
पिन आणि तिच्याभोवतीची नळी म्हणजे बुश झिजले की चेन लांबते, म्हणून एकाच कडीचे माप फसवे ठरते. चेन ताणून धरावी आणि पहिल्या पिनेच्या मध्यापासून अकराव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजावे. नव्या चेनमध्ये हे अंतर १२७ मिलिमीटर असते. खरा निर्णय मात्र रोलरच्या व्यासावर होतो, कारण ब्रिटिश मालिकेतील ०८बी चेनचा रोलर ८.५१ मिलिमीटरचा, तर अमेरिकन ४० क्रमांकाचा ७.९२ मिलिमीटरचा असतो आणि हा फरक व्हर्नियर कॅलिपर या बारीक मापाच्या साधनाशिवाय नीट कळत नाही. आतील रुंदी दोन्हींची जवळजवळ सारखीच असते.

उत्तर (वाळपई):
चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाचे म्हणजे स्प्रॉकेटचे दात हुकासारखे वाकले असतील तर तेही बदलावेत. मी जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली होती, ती एका हंगामातच गेली, याची मला अजून हळहळ वाटते. कड्याही मोजून घ्याव्यात. संख्या विषम असल्यास वाकडी जोडकडी लागते, आणि ती कमजोर असते.

प्रश्नकर्ता:
दहा कड्यांचे अंतर १२९.५ आणि रोलर ८.५ मिलिमीटर भरला, म्हणून ०८बी मागवत आहे. मनःपूर्वक आभार.