जळगावच्या उन्हात बीगल पाळावा का?

पिंप्राळेकर:
नमस्कार मंडळी. पोरगी सहावीत आहे. गेल्या दिवाळीपासून 'बीगल जातीचंच कुत्रं पाहिजे' म्हणून डोकं खातेय. घर जळगावला, पिंप्राळ्याकडे. तळमजला, पुढे जरासं अंगण, वर गच्ची. आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीवर, दिवसभर घरी आई असते. वय सत्तरीच्या पुढे, पण हिंडती-फिरती आहे. एक जण पिल्लू द्यायला तयार आहे. म्हणतो, पाच आठवड्यांचं झालंय, आत्ताच न्या, माया लवकर लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, त्यात हे विलायती कुत्रं टिकेल का? मुलांना चावत नाही ना? राखणीला काही उपयोग? शेजारचे म्हणतात फार ओरडतं. ज्यांनी खरंच पाळलंय त्यांनी सांगा, व्हिडिओ भरपूर बघून झालेत.

भुसावळची मावशी:
भाऊ, आमच्याकडे बंड्या आहे, बीगलच. म्हणून लिहिते.

आधी त्या पिल्लाचं. पाच आठवड्यांचं घेऊ नका. केंद्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ती विचारा, म्हणजे समोरचा कोण आहे ते लगेच कळेल. कायदा राहू द्या बाजूला. दात किती जोरात लावायचा हे पिल्लू आई-भावंडांत लोळतानाच शिकतं. चावण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. बाकी बीगल मुलांत रमतो. इंग्लंडात सशामागे कळपाने धावण्यासाठी ही जात तयार केली, त्यामुळे त्याला संगत लागते. एकटं कोंडलं तर दाराची चौकट सोलून ठेवतो. तुमच्या आई घरी असतात, हे बरं आहे.

राखणीचं विसरा. अनोळखी माणूस आला की बंड्या आधी दोन हाका देतो, मग त्याच्या पिशवीत नाक घालतो. पिशवीत खारी असली तर पाहुणा घरचाच.

ओरडण्याचं शेजारी खरं सांगतात. भुंकणं वेगळं, रडणं वेगळं आणि वास लागला की मान वर करून लांब हेल काढून ओरडणं वेगळं. आमचं घर रेल्वेलाइनजवळ. मालगाडीने भोंगा दिला की हा सूर लावतो, आणि भुसावळला मालगाड्यांना काय तोटा! भिंतीला भिंत लागून घर असेल तर आधी शेजाऱ्यांशी बोलून घ्या.

आता मुख्य गोष्ट, जी कोणी सांगत नाही. या कुत्र्याचा सगळा कारभार नाकावर आणि पोटावर चालतो. अमेरिकेत १९८४ पासून विमानतळावर बीगल लोकांच्या बॅगांतली फळं आणि मांस हुंगून काढतात. मग फडताळातल्या डब्यात तूप आहे हे त्याला कळणार नाही होय? मागच्या उन्हाळ्यात सासूबाईंनी गच्चीवर जुन्या साडीवर बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, घातले होते. बंड्याने प्रत्येकाचा मधला ओला भाग चाटून साफ केला. कडा तेवढ्या गोल गोल राहिल्या, रांगेत. घरचे हसले, पण बिबड्यांत लसूण असतो आणि कुत्र्याला कांदा-लसूण बाधतो, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. भरीत त्याच्यापासून लांब ठेवा, पातीचा कांदा आणि लसूण दोन्ही असतात त्यात. मनुका-द्राक्षंही नको, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. प्रसादाच्या शिऱ्यातली मनुकासुद्धा काढून टाका.

बीगलला शिकवणं जमतं, अवघड जातं ते घरच्या म्हाताऱ्या माणसांना. आमच्या सासूबाई अजून म्हणतात, "भूक लागनी शे त्याले." भूक त्याला कायमच लागलेली असते, त्यात नवं काय? पूर्ण वाढलेला बीगल खांद्यापाशी १३ ते १६ इंच आणि वजनाला साधारण ९ ते ११ किलो असायला हवा. इथे बरेच बीगल तक्क्यासारखे झालेले दिसतात. वजनकाटा नसला तरी चालेल, बरगड्यांवरून हात फिरवा. न दाबता हाताला लागल्या तर ठीक. दाबाव्या लागल्या की खापरावरची पुरणपोळी कुठून तरी जातेय असं समजा. वजन वाढलं की पाठीच्या मणक्यांवर भार येतो आणि उन्हाळा दुप्पट जड जातो.

ऊन सोसतो, पण आपण वेळा पाळल्या तरच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग गार करतो. एप्रिल-मेमध्ये फिरवणं सूर्य उगवायच्या आत, नाहीतर पार रात्री. डांबरी रस्त्यावर हाताची उलटी बाजू ठेवून बघा. सात सेकंद टेकवता आली नाही तर त्याचे पायही भाजणार. दुपारी कूलरसमोरची फरशी त्याची. कूलरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर नुसता दमटपणा वाढतो. उन्हाळा म्हणून केस भादरू नका, केसांचा दुहेरी थर असतो, तोच उन्हापासून आडोसा देतो. लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चालताना झोकांड्या जायला लागल्या तर साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि तडक डॉक्टरकडे न्या.

सातपुड्याचा पायथा:
यावलकडे आमचा केळीचा मळा आहे, मेहुण्याचा बीगल सुट्टीत येतो. मळ्यात त्याला मोकळा सोडू नका, एवढंच सांगतो. रानडुकराचा माग लागला की नाक जमिनीला आणि कान बंद. हाक मारून काही उपयोग नाही. ठिबकच्या नळ्यांवरून, बांधावरून पार दुसऱ्याच्या शेतात. नाक खाली घालून फिरणाऱ्या कुत्र्याला घोणस बहुतेक तोंडावरच डसते, तेही लक्षात ठेवा. आमच्याकडे बिबट्याही आहे. आणि ससा मारला तर कौतुक करू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सशालाही संरक्षण आहे. माझं मत विचाराल तर गावठी पिल्लू घ्या. उन्हाला काटक, राखणीला चोख.

भुसावळची मावशी:
नाना, गावठीचं पटतं मला. पण पोरीला बीगल हवाय आणि अंगणाला फाटक आहे, तर ते बघू. भाऊ, फाटकाखालची फट आधी बुजवा. बाहेर नेताना गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस, आणि साखळी हातातच. घरात त्याच्या नाकाला काम द्या. जुन्या गोणपाटाच्या घड्यांत काकडीचे बारीक तुकडे लपवले की बंड्या पाऊण दुपार शोधत बसतो, आणि काकडीने वजनही वाढत नाही.

पिंप्राळेकर:
ताई, नाना, मनापासून आभार. त्या माणसाला नोंदणी विचारली तर फोनच उचलत नाही आता. आईला मनुकांचं सांगितलं, तिला पटलं. पुरणपोळीचं नाही पटलं. आजारपणाचं काय? आणि आणायचा कधी?

भुसावळची मावशी:
कान. लोंबते कान, आत हवा जात नाही, पावसाळ्यात तर सारखा ओलावा. आठवड्यातून एकदा कान उलटून वास घ्या. आंबूस वास आला, तपकिरी मळ दिसला किंवा तो सारखी मान झटकत असेल तर डॉक्टरला दाखवा. कापसाची काडी आत घालू नका. पावसाळ्यात गोचीडही फार, बोटांच्या बेचक्यांत आणि कानामागे रोज बघायचं. गोचीडताप झाला की कुत्रं खाणं सोडतं. बीगलने खाणं सोडलं तर उद्यावर ढकलायचंच नाही.

आणायचा तर दिवाळीनंतर आणा. पार्वो-डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, रेबीजची पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. तोवर रस्त्यावर न्यायचं नाही. दिवाळीनंतर आणलात तर ऊन तापायच्या आत लसीही होतील आणि पहाटे फिरायची सवयही लागेल. पहाटे कोण उठणार ते मात्र पोरीकडून आत्ताच ठरवून घ्या.