विषय: सुनेच्या माहेरचा शोध – ग्रीनवुड आडनाव क्यूबेकमध्ये सापडत नाही

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात नातवाचं बारसं आहे. दोन्ही घराण्यांची वंशावळ एका कागदावर लिहून पाळण्याशी ठेवावी असं माझ्या फार मनात आहे. आमच्या बाजूची सात पिढ्यांची नावं नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतून उतरवून आणली आहेत. सुनेचं माहेरचं आडनाव ग्रीनवुड. तिच्या बाजूला पणजोबांपाशी सगळं थांबतं. ते इथल्याच, न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरला ॲमोस्केगच्या कापडगिरणीत होते आणि घरात फ्रेंच बोलायचे, एवढंच तिच्या आजोबांना आठवतं. म्हणून कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्यूबेक प्रांताच्या जुन्या नोंदींत ग्रीनवुड शोधून डोळे दुखले. माँट्रिऑलकडच्या कुणाला यातलं कळतं का?

मंदाकाकू, न्यू हॅम्पशायर

---

काकू, सा. न.

ग्रीनवुड नको, ब्वाव्हेर शोधा. फ्रेंचमध्ये ब्वा म्हणजे लाकूड किंवा रान, व्हेर म्हणजे हिरवं. १८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख लोक क्यूबेकमधून अमेरिकेत गेले. शेतजमीन वाटण्या होऊन पुरेना आणि मँचेस्टर, लोवेल, वूनसॉकेटच्या गिरण्यांत रोख मजुरी मिळे. तिकडे ब्वाव्हेरचे ग्रीनवुड झाले, लब्लांचे व्हाइट झाले.

पण ब्वाव्हेरपाशीही थांबू नका. इकडे आडनावांच्या मधे 'दी' येतं. ते आपलं 'ऊर्फ'च समजा. १६६५ मध्ये करिन्यां-सालिएर पलटण फ्रान्सहून आली, त्यातले सुमारे ४०० शिपाई इथेच राहिले. पलटणीत प्रत्येकाला टोपणनाव असायचं: लाफ्लर म्हणजे फूल, सांसूसी म्हणजे निश्चिंत, त्रांशमोंतान्य म्हणजे डोंगर कापणारा! ती नावं मुलाबाळांना लागली. शेतावरून, गावावरूनही अशी नावं पडली. मग एका भावाचा वंश जुन्या आडनावाने चालला, दुसऱ्याचा 'दी'नंतरच्या. 'दनव्हेर दी ब्वाव्हेर' असं एक घराणं आहेच. त्यामुळे वर जाताना आडनाव बदललं तर चुकलो असं समजू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जन्म शोधू नका, लग्न शोधा. बाप्तिस्म्यात बहुतेक मुलगे जोसेफ आणि मुली मारी असतात, रोजचं नाव शेवटी येतं. लग्नाच्या नोंदीत मात्र नवऱ्याचे आईवडील, नवरीचे आईवडील, आणि दोन्ही आयांची माहेरची आडनावं असतात. (दुसरं लग्न असलं तर आईवडिलांऐवजी आधीच्या जोडीदाराचं नाव.) त्यावरून आईवडिलांचं लग्न गाठायचं, मग त्यांच्या आईवडिलांचं. अशा पायऱ्या चढत कितीतरी घराणी १६०० च्या शतकापर्यंत पोचतात. नवरा-नवरी एकमेकांच्या नात्यातले म्हणून लग्नासाठी चर्चची सूट घेतल्याचं लिहिलं असेल तर ते जरूर टिपून ठेवा, म्हणजे दोन फांद्या वर कुठेतरी जुळतात.

बाईचं माहेरचं नाव इथल्या चर्चच्या नोंदींत मरेपर्यंत तिचंच राहतं. १९८१ पासून तर क्यूबेकचा कायदाच तसा आहे, लग्नानंतरही कायद्याच्या कामात बाई जन्मनावानेच.

१६७९ पासून चर्चची वही दोन प्रतींत लिहायची पद्धत होती, एक सरकारजमा. म्हणून चर्च जळालं तरी नोंद बरेचदा वाचली. बीएएनक्यू या प्रांतीय अभिलेखागाराच्या साइटवर बऱ्याच वह्या फुकट पाहता येतात. त्याआधी मँचेस्टरमध्येच अमेरिकन-कॅनेडियन जीनिऑलॉजिकल सोसायटीचं ग्रंथालय आहे, तिथे जा. पणजोबांचं लग्न अमेरिकेत झालं असेल तर पहिली पायरी तिथल्या फ्रेंच चर्चमध्येच मिळेल.

शिरीष, माँट्रिऑल

---

शिरीष,

तुझे किती आभार मानू! काल सुनेला घेऊन ग्रंथालयात गेले. पणजोबा सापडले, लग्नाच्या नोंदीत चक्क ब्वाव्हेर. सून ते नाव कितीतरी वेळा मोठ्याने म्हणत राहिली. वधूच्या आईचं माहेरही लिहिलेलं आहे. ते वाचताना मला आमची नाशिकची वही आठवली. तिच्यात माझ्या आजेसासूबाईंचं नाव आहे, पण त्या कुठल्या घरच्या ते नाही, आणि आता सांगणारंही कुणी उरलेलं नाही. म्हणून मी ठरवलंय, बारशाच्या कागदावर दोन्ही बाजूंच्या बायकांची माहेरं लिहायची. आमच्याकडची जेवढी कळतील तेवढी. धाकट्या नणंदेला आजच फोन करते.

एक अडलंय. वधूच्या आईचं आडनाव 'ला'ने सुरू होतं, पुढे शाई फुटली आहे. फोटो जोडला आहे, जरा बघ ना.

मंदाकाकू